जॉन लॉइड स्टीफन्स

अनोळखी मुलखात निघालेल्या प्रवाशाला दोन सोबती लागतात : एक वाट जाणणारा माणूस आणि दुसरे भरवशाचे पुस्तक. वाटाड्या चुकला, तर थोडे मागे फिरून योग्य वाट धरता येते. पुस्तक चुकले, तर त्यावर विसंबणारे सारेच वाचक चुकतात. मध्य अमेरिकेच्या अरण्यांत लपलेल्या प्राचीन माया नगरांविषयी असे भरवशाचे पुस्तक ज्याने लिहिले, त्या जॉन लॉइड स्टीफन्सचे हे चरित्र आहे.

स्टीफन्सचा जन्म २८ नोव्हेंबर १८०५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात झाला. त्याचे वडील व्यापारी होते. न्यूयॉर्क येथे शिक्षण घेऊन तो वकील झाला. त्याला राजकारणाचीही आवड होती. पण सभांतून भाषणे करता करता त्याचा घसा बिघडला आणि वैद्यांनी त्यास हवापालटासाठी प्रवास करण्याचा सल्ला दिला. १८३४ साली तो युरोपला गेला व तेथून पुढे ईजिप्त, अरबस्तान आणि पॅलेस्टाइन हे देश त्याने पाहिले. या प्रवासावरील त्याचे पुस्तक १८३७ साली प्रसिद्ध होताच लोकांच्या पसंतीस उतरले. आजारपणाने वकिली सुटली. परंतु त्यातूनच एक लेखक उदयास आला.

लंडनमध्ये त्याची फ्रेडरिक कॅथरवुड या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाशी ओळख झाली. कॅथरवुड उत्तम चित्रकार होता आणि त्याने ईजिप्तमधील प्राचीन मंदिरांची चित्रे काढली होती. पुढे या दोघांनी मध्य अमेरिकेस जाण्याचा बेत केला.

निघण्यापूर्वी कोणत्या पुस्तकांवर भिस्त ठेवावी, हा प्रश्न होता. स्पॅनिश अधिकारी देल रिओ याने १७८७ साली पालेंके हे नगर पाहिले होते. त्याचा वृत्तान्त १८२२ साली लंडन येथे छापला गेला होता. कोपान नगराविषयी गालिंदो नावाच्या अधिकाऱ्याचा अहवालही उपलब्ध होता. लॉर्ड किंग्जबरो याने तर मोठमोठे, अतिशय महागडे ग्रंथ छापले होते आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी हे यहुदी लोकांचे वंशज असल्याचे मत मांडले होते. स्टीफन्सने छापील मजकूर हा शेवटचा शब्द मानला नाही. स्वतः जावे, डोळ्यांनी पाहावे आणि मोजमाप घेऊन चित्रे काढावीत, असे त्याने ठरविले.

३ ऑक्टोबर १८३९ रोजी दोघे न्यूयॉर्कहून जहाजाने निघाले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्टीफन्सला मध्य अमेरिकेतील वकील म्हणून नेमले होते. पण तेथे यादवी युद्ध पेटले होते. नेमणुकीचे कागद सादर करावेत असे स्थिर सरकारच त्याला सापडेना. डोंगरातील चिखलवाटा खेचरांवरून तुडवीत ते होंडुरासमधील कोपान येथे पोहोचले. दाट रानात उंच शिलास्तंभ उभे होते. त्यांवर मानवाकृती व अनोळखी चित्रलिपी कोरलेली होती. वाटाड्यांनी कोयत्यांनी झाडोरा तोडला, तेव्हा एकेक शिल्प प्रकाशात आले.

पण ते कोरीव काम इतके गुंतागुंतीचे होते की, कॅथरवुडसारख्या कसलेल्या हातालाही प्रारंभी ते जमेना. चिखलात उभे राहून, डासांपासून बचाव करण्यासाठी हातमोजे घालून तो रेखाटीत असे. चित्र मनासारखे उतरेपर्यंत त्याने हातातील काम सोडले नाही. तेथील जमीनमालकाला परक्यांचे हे काम पसंत नव्हते. तेव्हा स्टीफन्सने पन्नास डॉलर मोजून त्या जागेवर काम करण्याचा हक्क मिळविला.

१८४० साली ते मेक्सिकोतील पालेंके येथे गेले. जुन्या राजवाड्यातच त्यांनी मुक्काम केला. पाऊस, डास आणि पायात शिरणारे किडे यांनी ते हैराण झाले. तरीही पाहणी चालूच राहिली. कोपानच्या दगडांवर जी लिपी होती, तीच पालेंके येथेही असल्याचे स्टीफन्सच्या ध्यानी आले. पुढे उश्माल येथे कॅथरवुड तापाने खाली कोसळला, म्हणून त्यांना मायदेशी परतावे लागले.

ही नगरे कोणी बांधली, या प्रश्नाने त्या काळी विद्वानांतही वाद माजला होता. कोणी ईजिप्तच्या लोकांचे नाव घेई, कोणी समुद्रात बुडालेल्या एखाद्या देशाचे. रानात राहणाऱ्या गरीब इंडियन लोकांच्या पूर्वजांनी हे वैभव निर्माण केले असेल, हे अनेकांना खरे वाटत नसे. स्टीफन्सने ईजिप्त पाहिला होता. म्हणून तो तुलना करू शकला. ईजिप्तचे पिरॅमिड ही राजांची थडगी. येथील पिरॅमिड हे बहुतेक माथ्यावरील मंदिरांचे चौथरे होते. दारांवरील लाकडी तुळयाही काही ठिकाणी शाबूत होत्या. यावरून ही नगरे फार पुरातन नसून, याच भूमीतील इंडियन लोकांच्या पूर्वजांनी ती बांधली, असा निष्कर्ष त्याने काढला. एका समाजाचे हिरावलेले श्रेय त्यामुळे त्याला परत मिळाले.

१८४१ साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ कॅथरवुडच्या चित्रांसह निघाला व हातोहात खपला. त्याच वर्षी दोघे पुन्हा युकातानला गेले आणि चिचेन इत्सा, तुलुम यांसह चव्वेचाळीस ठिकाणे त्यांनी पाहिली. या प्रवासाचा ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. तेथून त्यांनी काही कोरीव तुळया व शिल्पे न्यूयॉर्कला आणली होती. परंतु ३१ जुलै १८४२ रोजी प्रदर्शनगृहास आग लागून त्यांतील पुष्कळशी जळून गेली. मूळ जागेवरून हलविलेल्या त्या वस्तू अशा रीतीने कायमच्या नाहीशा झाल्या.

पुढे स्टीफन्सने पनामा येथील लोहमार्गाच्या उभारणीचे काम अंगावर घेतले. तेथील हवेने त्याची प्रकृती ढासळली आणि १३ ऑक्टोबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला. तो लोहमार्ग १८५५ साली पूर्ण झाला.

त्या शिलास्तंभांवर तेथील लोकांचा इतिहास कोरलेला असावा, असे स्टीफन्सला वाटत असे. पण ती लिपी त्याला वाचता आली नाही. १९५२ साली, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, युरी क्नोरोझोव्ह या रशियन विद्वानाने ती वाचण्याचा मार्ग दाखविला. पुढे लेख उलगडत गेले, तेव्हा त्यांत राजांची नावे, त्यांचे जन्म आणि राज्यारोहण यांची नोंद आढळली. स्टीफन्सचा तर्क खरा ठरला. माया लोकांचे लक्षावधी वंशज आजही त्या प्रदेशात राहतात व माया भाषा बोलतात. त्या भूमीत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आता कितीतरी मार्गदर्शक पुस्तके निघाली आहेत. त्यांतील कोणते घ्यावे, हे ठरविताना स्टीफन्सची कसोटी उपयोगी पडते : लिहिणाऱ्याने ती जागा स्वतः पाहिली आहे काय, आणि तेथील माणसांना त्याने न्याय दिला आहे काय?