बॉबी जोन्सचा पटर

बेटेगावच्या माझ्या घरी बोईसरच्या भंगारातून आणलेला, लाकडी दांड्याचा, गंजका पटर आहे. गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलायची काठी. घासायला पॉलिश पेपर घेतला आणि बॉबी जोन्स आठवला.

अटलांटाचा हा वकील आयुष्यभर हौशीच खेळला. त्याचा लाडका ‘कॅलॅमिटी जेन’ही कुणी दिलेला, जुनाच. १९२३ ची अमेरिकन ओपन त्याने त्यावर जिंकली. पण गंज घासून घासून पटरची सपाटी गेली! १९२६ मध्ये तसाच दुसरा घ्यावा लागला. १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धा सोडल्या. पुढे मणक्याच्या आजाराने चालणे थांबले. १९७१ मध्ये तो गेला.

स्पॉल्डिंगने विकलेल्या त्याच्या नकला आता संग्राहक शोधतात. माझा त्यातला नाही. तरी पॉलिश पेपर मी परत कपाटात ठेवला.