मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: इ.स. १५४८ च्या सुमारास, मृत्यू: इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर व सेनापती होता. गनिमी काव्याने लढणारा सेनानी म्हणून तो अधिक परिचित असला, तरी दख्खनच्या खेड्यांत त्याचे नाव टिकले ते मुख्यतः त्याच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेमुळे.

पूर्वायुष्य

त्याचा जन्म इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मीर कासिम या धन्याने त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव ठेवले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला. इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर त्याने परांड्यास दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. खडकी (नंतरचे औरंगाबाद) हे शहर त्याने वसवले व तेथे नहरीने पाणी आणले.

मोगलांशी संघर्ष

इ.स. १६१२ च्या सुमारास गुजरातचा मोगल सुभेदार अब्दुल्लाखान नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने दौलताबादवर चालून आला. अंबरच्या हलक्या घोडदळाने त्याची रसद तोडली आणि त्याला बागलाणमार्गे परतावे लागले. अशा लढाया ज्या मुलखात चालत, त्याच मुलखातून राज्याला वसूल मिळवायचा होता. गाव उठून गेले, तर सैन्याचा खर्च भागणे अशक्य होते. त्याच्या महसूल धोरणाकडे या दृष्टीने पाहणे योग्य ठरते. केवळ प्रजाहितदक्षता हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे.

सारा-आकारणी

त्याच्या आधी इजाऱ्याची पद्धत रूढ होती. इजारदार ठरावीक रकमेचा मक्ता घेई आणि रयतेकडून जमेल तितके उकळी. अंबरने इजारे बंद केले. वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे देऊन त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. मोडकळीस आलेली गावकामगारांची व्यवस्थाही त्याने पुन्हा उभी केली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकार ठरू लागला. आरंभी सरकारचा हिस्सा धान्यरूपाने, उत्पन्नाच्या दोन पंचमांश इतका घेतला जाई. काही हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले. ही रक्कम उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश असे. ती दरवर्षीच्या लागवडीप्रमाणे कमीजास्त होई, त्यामुळे पडीक राहिलेल्या जमिनीचा बोजा शेतकऱ्यावर पडत नसे.

या व्यवस्थेची तुलना नेहमी तोडरमलाच्या बंदोबस्ताशी केली जाते. ती पूर्णपणे जुळत नाही. तोडरमलाचा भर मोजणीवर होता. अंबरच्या पद्धतीत नजरपाहणीला व गावच्या माहितगारांच्या सांगण्याला अधिक स्थान होते. साहजिकच पाटील-कुलकर्णी किती प्रामाणिक, यावर बरेच अवलंबून राही. शिवकाळात काठीने जमीन मोजण्यावर भर दिला गेला, तो ही उणीव भरून काढणारा होता.

मृत्यू व नंतरचा काळ

इ.स. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दोन वर्षांनी त्याचे निधन झाले. त्याची कबर खुलदाबादला आहे. इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्याची आकारणी मात्र मागे राहिली. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी तिचाच अवलंब केल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी दख्खनच्या गावांचे जुने दप्तर तपासू लागले, तेव्हा मलिक अंबरच्या नावाने ओळखला जाणारा ‘तनखा’ त्यांना त्यात आढळला.