पिशवीच्या तोंडाचा टाका आणि डॉ. शिरोडकर

पैनगंगेच्या काठच्या हदगाव तालुक्यातून वारंगा फाटा, अर्धापूर असा प्रवास करीत नांदेडच्या दवाखान्यात तपासणीला जाणाऱ्या गर्भवतींमध्ये अधूनमधून एखादी अशी असते, की जिच्या फाइलमध्ये मागच्या दोन-तीन गरोदरपणांची नोंद असते, पण घरात मूल नसते. दिवस गेले, चौथा महिना सरला, पाचवा लागला आणि फारशी कळ न येताच सारे संपले. पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा तेच. अशा स्त्रीला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डॉक्टर पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचा सल्ला देतात. गावी परतल्यावर सासू-नणंदा त्याला नुसता 'टाका' म्हणतात. जगभरच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत मात्र या उपचाराला एक मराठमोळे आडनाव चिकटले आहे. ते म्हणजे शिरोडकर.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मराठी वाचकाला शिरोडे म्हटले की वेंगुर्ल्याजवळचे, मिठाच्या सत्याग्रहाचे गाव आठवते. हे शिरोडा त्याहून वेगळे, फोंडा तालुक्यातले. त्या काळी तेथे पोर्तुगिजांची सत्ता होती. वैद्यकीय शिक्षणासाठी विठ्ठलराव मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाने आणि त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयाने पश्चिम भारताला डॉक्टरांच्या अनेक पिढ्या दिल्या. १९२७ मध्ये त्यांनी प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफ. आर. सी. एस. होऊन परतले. मायदेशी त्यांनी आपल्याच महाविद्यालयात मानद डॉक्टर म्हणून काम सुरू केले. १९४० मध्ये ते तेथे प्रसूती व स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक झाले.

न दुखणारे दुखणे

पहिल्या तीन महिन्यांत होणारे गर्भपात प्रसूतितज्ज्ञांना नवे नव्हते. गर्भातच दोष असला तर निसर्ग तो पुढे वाढू देत नाही, याची त्यांना कल्पना होती. शिरोडकरांचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच स्त्रियांनी. चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान यांचे गर्भ पडत, आणि एकदा नव्हे तर दर खेपेला पडत. पडलेला गर्भ पाहिला तर त्यात काही व्यंग दिसत नसे. सक्तीची विश्रांती देऊन झाली, संप्रेरकांची औषधे देऊन झाली, तरी फरक पडत नसे.

अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असे, हे मराठवाड्यातील वाचकाला सांगावयास नको. तिच्या पायगुणापासून तिच्या चालण्या-बोलण्यापर्यंत सर्वांत खोट काढली जाई. जड उचलले असेल, उपास मोडला असेल, कोणाची नजर लागली असेल, अशी कारणे शोधली जात. नवऱ्याचे दुसरे लग्न करून देण्याची भाषा घरात सुरू होई. वैद्यकशास्त्राकडेही याहून फार चांगले उत्तर नव्हते, ही त्या काळाची खरी शोकांतिका होती. आजारी कोण आणि आजार कोणता, हेच ठरलेले नव्हते.

शिरोडकरांनी उत्तर शोधले ते रुग्णेच्या हकिगतीत. कितव्या महिन्यात गर्भ पडला, आधी कळा आल्या की आधी पाणी गेले, रक्त किती गेले, हे प्रश्न नीट विचारले तर या स्त्रियांच्या हकिगतीत एक साम्य आढळे. कळा जवळजवळ नसत. ओटीपोटात थोडे जड वाटे, मग एकाएकी पाणमोट फुटे आणि अल्प वेळात गर्भ बाहेर पडे. सर्वसाधारण बाळंतपणात आधी गर्भाशय आकसते, कळा येतात आणि त्या जोराने पिशवीचे तोंड उघडते. येथे क्रम उलटा होता. तोंड आधी उघडत होते आणि बाकीचे त्यामागून घडत होते.

याचा अर्थ असा, की दोष गर्भात नव्हता आणि रक्तातील संप्रेरकांतही नव्हता. दोष दारात होता. गर्भाशयाचे मुख गरोदरपणात साधारणपणे तीन ते चार सेंटिमीटर लांब व घट्ट मिटलेले असते. काही स्त्रियांत ते जन्मतःच कमकुवत असते. काहींत पूर्वीच्या अवघड बाळंतपणात ते फाटलेले असते, तर काहींत पिशवी साफ करताना जोराने रुंदावले गेल्यामुळे त्याची पकड सैल झालेली असते. पहिले तीन महिने गर्भ लहान असतो, तोवर ते निभावते. पुढे वजन वाढले की ते दबते, आखूड होते आणि उघडते. सोनोग्राफी नसलेल्या त्या काळात डॉक्टर दोन गरोदरपणांच्या मधल्या काळात आठ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत धातूची सळई मुखातून सरकवून पाहत. ती कोणत्याही अडथळ्याविना आत गेली तर संशय बळावे. एकूण गरोदर स्त्रियांत हा दोष फार तर शंभरात एकीला असतो. म्हणूनच तो इतकी वर्षे नजरेआड राहिला.

हा विचार एकट्या मुंबईत चालला होता असे नाही. पॅरिसमध्ये पामर आणि लाकोम यांनी १९४८ मध्ये, तर शिकागोत लॅश आणि लॅश या दोघांनी १९५० मध्ये या दोषाकडे लक्ष वेधले होते. मात्र त्यांचा उपचार स्त्री गरोदर नसताना मुखाची दुरुस्ती करण्याचा होता. शिरोडकरांनी धाडस केले ते गर्भ पोटात असताना शस्त्रक्रिया करण्याचे.

बटव्याची नाडी

ही शस्त्रक्रिया योनिमार्गातूनच होते, पोट उघडावे लागत नाही. गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन मूत्राशय हलक्या हाताने वर सरकवायचे, मागच्या बाजूला दुसरा छेद घ्यायचा आणि मुखाचा जो सर्वांत आतला, वरचा भाग, त्याच्याभोवती एक पट्टी गुंडाळून ती बांधायची. बटव्याचे तोंड नाडीने आवळावे, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की ही नाडी कातडीखाली लपलेली असते आणि ती जितकी वर बसेल तितकी पकड चांगली. पट्टी कशाची घ्यायची, हा प्रश्न होता. नेहमीचा दोरा नाजूक मांस कापत जाण्याची भीती होती. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून वापरली. शरीराचेच असल्याने शरीर ते नाकारत नसे. पुढे पॉलिएस्टरच्या विणलेल्या फितीने ती जागा घेतली.

गरोदरपणात गर्भाशयाला धक्का लागला तर कळा सुरू होतात, ही भीती प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाच्या मनात असते. ज्या स्त्रीचे मागचे सगळे गर्भ गेले, तिच्या हाती आलेला गर्भ शस्त्रक्रियेने गेला असता तर दोष कोणाच्या माथी आला असता, हे उघड आहे. तरीही त्यांनी हात घातला. ज्यांचे चार किंवा अधिक गर्भ गेले होते अशाही स्त्रिया त्यांच्या या रुग्णांत होत्या.

१९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. लेख जेमतेम दोन पानांचा होता. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात तो आला नव्हता, तरीही त्याची दखल जगाला घ्यावी लागली. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नचे डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी त्याच तत्त्वावर सोपी पद्धत सांगितली. त्यात मूत्राशय सरकवावे लागत नाही आणि टाका काढणेही सुलभ होते. आज बहुतेक ठिकाणी मॅकडोनाल्ड पद्धतीचाच टाका घातला जातो. पण गरोदरपणीच दार बांधून गर्भ राखता येतो, हा मार्ग रूढ झाला तो शिरोडकरांमुळे.

टाक्यापलीकडचे काम

शिरोडकरांची कर्तबगारी या एका शस्त्रक्रियेपुरती नव्हती. मूल होण्याआधीच किंवा तरुण वयात काही स्त्रियांचे अंग बाहेर येते. अशा वेळी गर्भाशय काढून टाकणे हा सोपा उपाय, पण त्या स्त्रीचे मातृत्व त्यात कायमचे संपते. शिरोडकरांनी येथेही मांडीच्या आवरणाची पट्टी वापरली आणि गर्भाशयमुखाच्या मागच्या बाजूला आधार देऊन ते कण्याच्या खालच्या हाडाशी टांगण्याची शस्त्रक्रिया बसविली. 'शिरोडकर स्लिंग' या नावाने ती आजही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकावी लागते. बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा खुल्या करण्याच्या शस्त्रक्रियांतही त्यांनी भर घातली. या सर्व कामाचा संग्रह १९६० मध्ये एडिनबरो येथून ग्रंथरूपाने निघाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. या सर्व शस्त्रक्रियांमागे एक समान सूत्र दिसते. अवयव काढून टाकण्यापेक्षा तो राखावा आणि स्त्रीला तिच्या इच्छेप्रमाणे आई होता यावे, हे ते सूत्र होय.

कसोटीला उतरलेला उपचार

एखादा उपचार प्रसिद्ध झाला की तो गरज नसलेल्यांनाही दिला जाऊ लागतो. टाक्याचेही तसेच झाले. १९९३ मध्ये ब्रिटनमधून एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. बारा देशांतील १२९२ गर्भवतींचा त्यात समावेश होता. टाका घातलेल्यांत ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण १३ टक्के होते, तर न घातलेल्यांत १७ टक्के. फरक होता, पण डोळे दिपविणारा नव्हता. मात्र ज्यांच्या बाबतीत पूर्वी तीन किंवा अधिक वेळा असे घडले होते, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. शिरोडकरांनी ज्या स्त्रिया निवडल्या होत्या, त्यांच्याच पदरात या उपचाराचे खरे माप पडते, असा याचा अर्थ होतो.

त्यानंतर सोनोग्राफीने निदान अधिक नेमके केले. मागे अशा हकिगती असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाची लांबी २४ आठवड्यांपूर्वी २५ मिलिमीटरहून कमी झाली तर टाक्याचा विचार होतो. टाका साधारणपणे १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात आणि ३६-३७ आठवड्यांना काढतात. तो सर्वांनाच तारतो असे नाही. एकदा योनिमार्गाने घातलेला टाका अपयशी ठरला असेल, तर पुढच्या खेपेला पोटातून घातलेला टाका अधिक चांगला ठरतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसून आले. शिरोडकरांनी पट्टी जितकी वर बांधता येईल तितकी बांधली होती. त्याच दिशेने टाकलेले हे पुढचे पाऊल आहे.

१९७१ च्या प्रजासत्ताकदिनी शिरोडकरांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि अवघ्या काही आठवड्यांत, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एक धक्कादायक शोध प्रसिद्ध केला. गर्भ टिकावा म्हणून लाखो स्त्रियांना दिलेल्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकामुळे त्यांच्या मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा कर्करोग होत होता. या औषधाचा गर्भ टिकण्यासाठी उपयोग होत नाही, हे शिकागोतील चाचणीत १९५३ मध्येच दिसले होते. तरी ते दिले जात राहिले. दोष कोठे आहे हे न पाहता केलेल्या उपचाराची किंमत पुढच्या पिढीने मोजली. शिरोडकरांनी आधी दोष शोधला आणि मग सुई हाती घेतली. दोहोंतील अंतर एवढेच, पण ते फार मोठे आहे.

आज हदगावातील स्त्रीला मुंबई गाठण्याची गरज नाही. १९८८ पासून नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, सोनोग्राफी आहे. तरीही या निदानाचा पाया बदललेला नाही. मागचा गर्भ कितव्या महिन्यात गेला, कळा आल्या होत्या का, आधी पाणी गेले का, हे आजही डॉक्टरांना विचारावे लागते आणि कोणाला तरी सांगावे लागते. अनेक घरांत ही हकिगत अशुभ म्हणून दाबली जाते आणि जुने कागद फेकून दिले जातात. दिवस गेल्याचे कळताच ते कागद घेऊन दवाखान्यात जाणे आणि काही न लपविता सारे सांगणे, एवढे जरी घरच्यांनी केले तरी पुढचे काम सुकर होते. शिरोडकरांच्या टाक्याची सुरुवातही अशाच नीट ऐकून घेतलेल्या हकिगतींतून झाली होती.