घाटावर न चाललेला हुकूम

महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला ज्यांचे नाव मिळाले, ते सर जॉन माल्कम मराठी वाचकाला परिचित आहेत ते दुसऱ्या बाजीरावाला शरण आणणारे मुत्सद्दी म्हणून. परंतु त्यांच्या चरित्रातील एका प्रकरणाचा आपल्या मूलभूत हक्कांशी निकटचा संबंध आहे, आणि त्याचे स्मरण सहसा होत नाही.

माल्कम यांचा जन्म १७६९ साली स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. सतरा भावंडांच्या त्या संसारातून ते वयाच्या तेराव्या वर्षीच कंपनीच्या लष्करात शिरले आणि १७८३ मध्ये मद्रासला उतरले. फारसी शिकून ते इराणच्या शहाकडे वकील म्हणून गेले. १८१७ मध्ये महिदपूरला ते होळकरांच्या फौजेशी लढले आणि पुढल्याच वर्षी बाजीरावाला सालिना आठ लाखांचे वेतन कबूल करून त्यांनी युद्ध संपविले. ही रक्कम वरिष्ठांना अवाजवी वाटली. माल्कम मात्र दिल्या शब्दाला चिकटून राहिले. जुन्या राजवटीतील सरदार-मानकऱ्यांची अब्रू राखली तरच नवा अंमल टिकेल, अशी त्यांची धारणा होती. १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होताना हीच धारणा ते बरोबर घेऊन आले.

मुंबईत त्या वेळी राजाचे सुप्रीम कोर्ट होते आणि त्याला इंग्रजी परंपरेतील प्राधिलेख काढण्याचा अधिकार होता. अधिकाऱ्याला कर्तव्य करावयास लावणारा महादेश, कनिष्ठ न्यायालयाला मर्यादा ओलांडू न देणारा प्रतिषेध, त्याचा सदोष निर्णय मागवून रद्द करणारा प्राकर्षण आणि पदावर बसलेल्यास त्याचा अधिकार विचारणारा क्वाधिकार हे त्या परंपरेतील चार प्राधिलेख. पाचवा देहोपस्थितीचा, म्हणजेच हेबियस कॉर्पस. ज्याला अडकविले त्याला सदेह न्यायाधीशापुढे उभे करा आणि कोणत्या कायद्याने अडकविले ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ.

१८२८ मध्ये या कोर्टाने पुण्याचे एक प्रतिष्ठित गृहस्थ पांडुरंग रामचंद्र यांच्या नावे असा हुकूम काढला. त्यांच्या ताब्यातील मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला हजर करावयाचे होते. माल्कम यांनी त्याची अंमलबजावणी होऊ देण्याचे नाकारले. दख्खनची प्रजा कंपनीच्या अदालतींच्या कक्षेत आहे, मुंबईच्या कोर्टाचा हात तिथवर पोहोचत नाही आणि पुण्याच्या मानकऱ्यांना मुंबईला खेचले तर सरकारची पत राहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कोर्टातील दोन न्यायाधीश त्याच वर्षी पाठोपाठ निवर्तले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट माघार घेईनात. हुकूम पाळले जात नसतील तर न्यायासनावर बसण्यात अर्थ नाही, असे ठरवून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी चक्क कोर्टच बंद केले!

वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि निकाल माल्कम यांच्या बाजूने लागला. सनदेच्या शब्दांप्रमाणे कदाचित तो योग्यही असेल. परंतु अधिकारक्षेत्राच्या या झगड्यात त्या मुलाला कोणत्या आधाराने अडकविले होते, हा मूळ प्रश्न निकालात निघालाच नाही. सरकारची पत राहिली. मुलाची बाजू कोर्टापुढे आलीच नाही.

माल्कम यांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. इथल्या माणसांविषयी त्यांना आस्था होती, पण ती प्रथम त्यांच्या प्रतिष्ठेविषयी होती, त्यांच्या हक्कांविषयी नव्हे. १८३० साली त्यांच्याच कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. मुंबईची चाके घाट चढली. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम मात्र त्यांनी चढू दिला नाही. त्याच वर्षी ते स्वदेशी जाण्यास निघाले आणि १८३३ मध्ये लंडनला निवर्तले.

त्या वेळी पुण्याला जे नाकारले गेले ते पुण्याच्या उत्तरेकडील अवसरी खुर्दसारख्या गावालाही उपलब्ध नव्हते. आज घटनेच्या २२६व्या अनुच्छेदान्वये तेथील कोणीही मुंबई उच्च न्यायालयाकडे आणि ३२व्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागू शकतो. न्यायालयाचा हुकूम आता घाटाखाली अडत नाही.

तथापि हुकूम अडविण्याची बुद्धी माल्कम यांच्याबरोबर संपली नाही. आणीबाणीत, १९७६ साली, हा मार्ग बंद असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच चार विरुद्ध एक मतांनी मान्य केले. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात राहिले. तो निर्णय चुकीचा होता, हे न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. प्रत्येक वेळी कारण सरकारच्या पतीचे किंवा राज्याच्या सुरक्षिततेचेच सांगितले जाते, आणि सांगणारा बहुधा प्रामाणिकही असतो. म्हणूनच बंदिवानाला समोर आणा, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाही राज्यकर्त्याच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही.