विश्लेषण : थंडीत ट्रॅक्टरची लिफ्ट का अडते? हॅरी फर्ग्युसन यांच्या शोधातच आहे उत्तर

डिसेंबर-जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील देवळी परिसरात रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास येतो. कपाशीची वेचणी संपत आलेली असते, पऱ्हाटी काढून शेत मोकळे करायचे असते. अशा सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो, पण रोटाव्हेटर किंवा नांगर लवकर उचलला जात नाही. लिफ्ट गेली असे समजून थेट पंप उघडायला लावला, की खर्च वाढतो आणि दिवसही जातो. मुळात ही लिफ्ट आली कुठून आणि थंडीत तिचे काय बिघडते?

लिफ्टचे जनक कोण?

आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी तीन सांध्यांची जोडणी आणि तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट यांचे श्रेय हॅरी फर्ग्युसन यांना जाते. ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील डाऊन परगण्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शेतीकामात त्यांचे मन रमत नव्हते. १९०२ मध्ये ते बेलफास्टला भाऊ जो यांच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात दाखल झाले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेले विमान त्यांनी उडवले. आयर्लंडमधील ते पहिले विमानोड्डाण होते.

शोधाची गरज का पडली?

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने फर्ग्युसन यांच्याकडे ट्रॅक्टरची कामगिरी सुधारण्याचे काम सोपवले. तेव्हा नांगर बैलगाडीसारखा ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. नांगर दगडात किंवा मुळात अडकला, की मागची चाके जागेवर रुतत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. यात अनेकांचे जीव जात.

नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र व्हावे, हा फर्ग्युसन यांचा विचार होता. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक आणि दांडे उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट अशी रचना त्यांनी केली. १९२६ मध्ये त्यांना हायड्रॉलिक नियंत्रणाचे पेटंट मिळाले. जमीन कठीण लागली की टॉप लिंकवर दाब येतो, झडप उघडते आणि नांगर थोडा वर येतो. त्याच वेळी नांगराचा भार मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही खोल नांगरट करू लागला आणि उलटण्याचा धोका कमी झाला.

फोर्डशी वाद काय होता?

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी हेन्री फोर्ड यांना अमेरिकेत प्रात्यक्षिक दाखवले. लेखी करार न करता केवळ हस्तांदोलनावर भागीदारी ठरली आणि १९३९ मध्ये फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. पुढे फोर्ड यांच्या नातवाने हा व्यवहार मोडला, मात्र नव्या ट्रॅक्टरमध्ये तीच यंत्रणा वापरली. फर्ग्युसन यांनी खटला भरला. १९५२ मध्ये सुमारे ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान, १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा टीई२० ट्रॅक्टर तयार होऊ लागला. दहा वर्षांत असे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. १९५३ मध्ये कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. त्यातून मॅसी फर्ग्युसन हे नाव रूढ झाले. पट्टे बसवलेले तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली आणि भारतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनू लागले.

थंडीत नेमके काय होते?

फर्ग्युसन यांची सारी यंत्रणा तेलावर चालते. थंडीत तेल घट्ट होते आणि पंपाला ते ओढायला जड जाते. मात्र देवळीच्या थंडीत चांगले तेल गोठत नाही. तेल गरम झाल्यावरही लिफ्ट सुधारली नाही, तर दोष थंडीचा नाही. तो आधीपासूनच होता, थंडीने फक्त उघड केला.

दोष कसा ओळखाल?

- सुरुवातीला संथ, नंतर ठीक : तेल घट्ट झाले आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच तेल आहे का, ते तपासा.
- पंपाचा कर्कश आवाज, लिफ्ट झटके देते : तेल कमी आहे, गाळणी तुंबली आहे किंवा ओढणीच्या बाजूने हवा शिरते आहे.
- तेल दुधाळ : पाणी मिसळले आहे. तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.
- थंड असताना चांगली, गरम झाल्यावर ढिली : पंप किंवा सील झिजले असावेत. पातळ झालेले तेल तिथून निसटते.
- उचललेले अवजार आपोआप खाली बसते : सिलिंडरची सील, ओ-रिंग किंवा झडप गळते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी ड्राफ्ट आणि पोझिशनचे लिव्हर योग्य जागी आहेत का, तेही पाहा. लिव्हर चुकला तरी लिफ्ट बिघडल्यासारखी वाटते.

काय करावे, काय टाळावे?

सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटे कमी वेगावर चालू द्या. मग अवजार न जोडता लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा. तेलाची पातळी सपाट जागेवर तपासा. तेल गरम करण्यासाठी खाली जाळ करू नका. उचललेल्या अवजाराखाली जाऊ नका, आधी ते जमिनीवर टेकवा. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाखालचे तेल कातडीत घुसते.

आणि अडकलेले वाहन ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी कधीच बांधू नका, खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर बांधली, तर फर्ग्युसन यांनी शंभर वर्षांपूर्वी कमी केलेला उलटण्याचा धोका पुन्हा ओढवतो.