बाबासाहेबांचा कोट

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या वर्गाने महाड ते लंडन अशी एक एकांकिका बसवली. संहिता झाली, पात्रे ठरली, आणि अडले ते कोटापाशी. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानातून आलेला सूट नवरदेवाचा होता. अंगाला चिकटलेला, आखूड आणि चकाकणारा. बाबासाहेबांची भूमिका करणाऱ्या मित्राने तो अंगावर चढवला आणि तालमीच्या खोलीत हशा पिकला. सरांना मात्र हसू आले नाही. असला कोट घालून कोणी गोलमेज परिषदेला गेले असते काय, असे त्यांनी विचारले. माझे वडील शिंपी आहेत हे सर्वांना ठाऊक. तेव्हा जुन्या पद्धतीचा सूट शिवून आणण्याचे काम माझ्याकडे आले.

अण्णा सातवीपर्यंत शिकले, पण फोटोतला कोट ते पोथीसारखा वाचतात. ग्रंथालयातून नेलेल्या चरित्रग्रंथांतील छायाचित्रे त्यांनी दुकानातल्या दिव्याखाली धरली आणि बोट ठेवून मला एकेक दाखवीत गेले. त्या काळच्या कोटाच्या पुढच्या वळलेल्या पट्ट्या रुंद असत. लांबी बैठक झाकण्याइतकी. विजार आजच्यासारखी कमरेखाली नव्हे, तर जवळजवळ बेंबीपर्यंत चढवलेली आणि पुढे चुण्या घातलेली, म्हणजे वेस्टकोट व विजार यांच्या फटीतून सदरा डोकावत नसे. आज कोटाच्या छातीत चिकटवायचे कापड घालून गरम इस्त्री फिरवली की भागते. तेव्हा आत घोड्याच्या केसांचे कॅनव्हास घालून ते बारीक तिरक्या टाक्यांनी हाताने धरीत. शेकडो टाके, आणि बाहेरून एकही दिसता कामा नये. असा कोट घालून घालून माणसाच्या छातीचा आकार घेतो.

एवढे सांगून झाल्यावर अण्णांनी मलाच प्रश्न केला, की हा माणूस कोट कशासाठी घालीत होता? अंगाचे माप टेपने घेता येते, पण कोणापुढे उभे राहण्यासाठी कोट हवा हे कळल्याखेरीज कापडाला कात्री लावू नये, असा त्यांचा धंद्यातला नियम आहे. मला उत्तर देता येईना. मग मी ग्रंथालयात बसू लागले आणि दुकान बंद करण्याच्या वेळी दिवसभर वाचलेले अण्णांना सांगू लागले. पुढचा मजकूर म्हणजे त्या रात्रींचाच गोषवारा आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक. घरी वाचन-पाठांतराची शिस्त कडक. चौदा अपत्यांतले भीमराव शेवटचे. पुढे कुटुंब साताऱ्यास आले आणि आई लवकर गेली. साताऱ्याच्या शाळेत भीमाला बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे व संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावीत नसे. कपड्याशी अस्पृश्यता कशी चिकटलेली असते, याचा हा त्यांचा पहिला धडा असावा. गावात धोबी होते, पैसे द्यायची ऐपतही होती. तरी कपडे बहिणींना धुवावे लागत. न्हावी होते, पण केस थोरली बहीण कापी. हे सारे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

१९०१ च्या सुमारास सुभेदार खटाव तालुक्यात एका दुष्काळी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. मुलांसाठी खास तयारी झाली: इंग्रजी पद्धतीचे नवे सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला, कारण कपड्यांवरून ती त्याला ब्राह्मणाची मुले वाटली. नऊ-दहा वर्षांच्या भीमाने सहजपणे आपली जात सांगितली, आणि मास्तरचा चेहरा पालटला. भाडे दुप्पट देतो म्हटल्यावर एक गाडीवान कबूल झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे आणि तो पायी चालणार. त्या रात्रभरच्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. अंगावरचे कपडे तेच होते, मुलेही तीच होती. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला होता!

हे सांगत असता अण्णांनी मशीन थांबवले आणि आमच्या घरात कधी न निघालेली गोष्ट काढली. माझे आजोबा खेड्यात शिवणकाम करीत. महारवाड्यातले गिऱ्हाईक आले की ते टेप हातात घेत नसत. माप घ्यायचे तर खांद्याला, छातीला, मनगटाला हात लावावा लागतो. म्हणून गिऱ्हाइकाने जुना सदरा ओट्याखाली पसरायचा आणि आजोबांनी वरूनच नजरेने अंदाज बांधायचा. कपडा कुठेतरी चुकायचाच. काखेत काचायचा, नाहीतर गळ्याशी सैल पडायचा. अण्णा तेव्हा लहान होते, काज-बटणे करीत. चुकलेला सदरा घालून निमूट निघून जाणारी माणसे त्यांनी पाहिली आहेत. आजोबा आम्हा नातवंडांशी फार मायाळू होते, म्हणून ही गोष्ट लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. अण्णांना विचारले. त्यांनी लिही म्हणून सांगितले.

सुभेदारांनी मुलांना मुंबईला आणले. परळच्या चाळीतील एका खोलीत राहून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना प्राध्यापक मुल्लर त्यांना पुस्तके देत आणि कपडेही देत. कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना पाणीही देत नसे. १९१२ साली ते बी. ए. झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे हा तरुण अर्धपोटी राहून अठरा-अठरा तास अभ्यास करी व उरलेल्या पैशांतून जुनी पुस्तके घेई. ती दोन हजारांच्या घरात गेली असे चरित्रकार सांगतात. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपल्याने शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली परतावे लागले.

करारानुसार बडोद्याला नोकरीवर जायचे होते. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी जेवण उरकून, कचेरीचा पोशाख करून, ग्रंथालयाची पुस्तके हातात घेऊन ते निघणार, तोच लाठ्या घेतलेली दहा-बारा माणसे खोलीसमोर उभी राहिली. त्याच दिवशी जागा सोडावी लागली. दुसरीकडे कोठेही आसरा न मिळाल्याने ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. परदेशातली पदवी, महाराजांची नोकरी, अंगावर नीटनेटका पोशाख, आणि राहायला बागेतले झाड! चरित्रात यापेक्षा मोठे प्रसंग पुष्कळ आहेत. पण अण्णा कोट कापताना मला तोच पोशाख डोळ्यांपुढे दिसत होता.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले. या सगळ्या वर्षांत घरी रमाबाई होत्या. गंगाधर नावाचे त्यांचे मूल गेले तेव्हा प्रेतावर घालायला कापड आणण्यापुरतेही पैसे नव्हते आणि रमाबाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, अशी आठवण सांगितली जाते. बाबासाहेबांच्या सत्काराला जायला धड लुगडे नव्हते म्हणून शाहू महाराजांनी दिलेला फेटाच त्या नेसून गेल्या, असेही सांगतात. पदव्यांच्या यादीत रमाबाईंचे नाव कुठे येत नाही. ते या फाटक्या लुगड्याच्या गोष्टीत येते. १९३५ मध्ये त्या वारल्या.

येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत असा नियम आहे. तो नुसता ग्रंथात राहिला नव्हता. महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा हक्क मानला जाई, आणि त्याला हक्क म्हणत! दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले, दुसऱ्याच्या मापाचे कापड पिढ्यान्‌पिढ्या घालायचे. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच गावी मनुस्मृती जाळण्यात आली. या दोन घटना आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्या डिसेंबरमध्येच बाबासाहेब तिथल्या स्त्रियांशी बोलले ते मात्र पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते. अस्पृश्य म्हणून ओळखू यावे अशा रीतीने लुगडे गुडघ्यावर नेसू नका, हातापायांतील कथलाचे ओझे टाका, कपडे फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेथल्या तेथे बायकांनी घोट्यापर्यंत लुगडी नेसायला सुरुवात केली. नव्या कापडाला पैसा लागतो. नेसण्याच्या नव्या पद्धतीला लागत नाही. एवढे नेमके बोलणारा नेता शिंप्याच्या मुलीला आवडला नाही तरच नवल.

१९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदा झाल्या. दुसऱ्या परिषदेला गांधीजी पंचा नेसून गेले आणि बाबासाहेब सुटात. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला सदरा-टोपी टाकली ती गरिबांशी एकरूप होण्यासाठी, आणि तो त्याग मोठा होता. पण ज्याच्यापाशी काही असते तोच त्याग करतो. ज्यांच्या बापजाद्यांना मढ्यावरचे कापड घालावे लागले, त्यांच्या प्रतिनिधीने उघड्या अंगाने जाऊन नवे काय सांगितले असते? वर्गातील काही मित्र म्हणतात की सूट ही साहेबाची नक्कल होती. मला ते पटत नाही. साहेबाचा कोट साहेबाच्या मापाचा होता, आणि हा बाबासाहेबांच्या मापाचा. अण्णांना हे मत सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि भट्टीवरून सुटात घडी घालायला घेतली. म्हणजे त्यांना उत्तर मिळाले असावे.

पुढची वर्षे सर्वांना माहीत आहेत: १९३२ चा पुणे करार, १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते, स्वातंत्र्यानंतर कायदामंत्रिपद, २९ ऑगस्ट १९४७ पासून मसुदा समितीचे अध्यक्षपद, १९५१ चा राजीनामा. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी सूट नव्हता. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. समोर लाखो माणसे, तीही शुभ्र कपड्यांत. हाती उरले होते जेमतेम दोन महिने. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या वापरातले कपडे व इतर वस्तू नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात जपून ठेवल्या आहेत. परीक्षा संपली की अण्णांना घेऊन तिथे जायचे ठरले आहे. शिवण आतून पाहायला मिळाली तर त्यांना हवी आहे.

रंगावरून मात्र वर्गात भांडण झाले. मुलांना निळा सूट हवा होता, कारण गावोगावचे पुतळे निळ्या सुटातले. सरांचे म्हणणे, फोटो काळे-पांढरे. करडा कशावरून नाही? निळा रंग चळवळीच्या झेंड्यातून पुतळ्यावर उतरला हे सगळ्यांना मान्य होते. शेवटी अण्णांनी गडद निळे लोकरी कापड आणले. फोटोत रंग सापडत नाही, तेव्हा तो लोकांना विचारावा असे त्यांचे म्हणणे पडले. भूमिका करणारा मित्र सडपातळ, म्हणून छातीत कॅनव्हासचा एक थर जास्त घालावा लागला. आजीने आठ काजे हाताने केली. कच्च्या दोऱ्यावर दोनदा ट्रायल झाली. मित्राची वस्ती आजोबांच्याच गावची. अण्णांनी त्याचे माप टेपने एकदा घेतले, वहीत लिहिले, आणि काय वाटले कोण जाणे, सगळे माप पुन्हा एकदा घेतले.

प्रयोगाच्या दिवशी अण्णा शेवटच्या रांगेत बसले होते. गोलमेज परिषदेच्या प्रवेशात टाळ्या पडल्या, पण त्यांचे लक्ष मित्राच्या डाव्या खांद्याकडे होते. हात उचलला की तिथे एक बारीक सुरकुती येत होती. प्रयोग संपल्यावर त्यांनी कोट घडी करून पिशवीत घातला, घरी आणला आणि त्याच रात्री खांद्याची शिवण उसवायला बसले.