राष्ट्रपती राजा का नाही? बाबासाहेबांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

शेलूबाजारसारख्या आमच्या बाजारगावात राष्ट्रपतीपदाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, तो तर रबरी शिक्का. मग अमेरिकेचे नाव निघते. एकच माणूस थेट लोकांनी निवडावा आणि सगळे अधिकार त्याच्या हाती द्यावेत, म्हणजे देश ताळ्यावर येईल, असा सल्ला मिळतो. असे बोलणाऱ्यांत आपले जयभीमवालेही असतात, म्हणून आम्ही हे लिहायला घेतले. राष्ट्रपतीला मान सर्वांत मोठा आणि सत्ता जवळजवळ नाही, ही रचना संविधान सभेत मांडली बाबासाहेबांनी, आणि राज्यप्रमुखांचे इतके प्रकार जवळून पाहिलेला माणूस त्या सभेत क्वचितच असेल.

आधी आपल्या मातीचे उदाहरण घेऊ. आजचा वाशीम जिल्हा जुन्या वऱ्हाडात मोडतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्याने गेला. १९३६ च्या करारानंतर हैदराबादच्या युवराजाला वऱ्हाडचा राजपुत्र अशी पदवीही मिळाली, पण शेतसारा वसूल करणारा अंमल इंग्रजांचाच राहिला. नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची. आपल्या पणजोबांनी या दोघांपैकी एकालाही निवडून दिले नव्हते आणि दोघांनाही जाब विचारता येत नव्हता. खरी अडचण ही होती. राज्यप्रमुख नामधारी असण्यात बिघडत नाही, कारभार करणारा कोणाला उत्तर देतो हे पाहावे लागते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. तेव्हा गादीवर राणी व्हिक्टोरिया. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. त्याच वर्षी वुड्रो विल्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. म्हणजे राजाच्या पैशावर ते एका प्रजासत्ताकात शिकत होते, आणि शिक्षणाच्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला आले. पुढचे सर्वांना माहीत आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही हाकलले गेले. महाराजांकडे दाद मागितली तर प्रकरण दिवाणाकडे गेले आणि दिवाणाने हात वर केले.

सयाजीराव उदार होते, शाहू महाराज तर आपले राजर्षी. शाहूंनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. या दोघांचे ऋण आम्ही विसरत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. राजाची कृपा हा हक्क नसतो. राजा चांगला निघाला तर शिष्यवृत्ती मिळते, त्याची गादी दुसऱ्याकडे गेली की काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

१२ नोव्हेंबर १९३० ला लंडनमध्ये पाचव्या जॉर्ज राजाने गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले आणि त्याचे काम तेवढ्यावर संपले. अध्यक्षस्थानी होते पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड. १९३२ चा जातीय निवाडा दिला तोही पंतप्रधानाने. इंग्लंडचा राजा सही करतो आणि पार्लमेंटला उत्तर देणारे मंत्रिमंडळ राज्य करते, हे बाबासाहेबांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. उलट १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दुसरी तऱ्हा पाहिली. तिथे शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा, आणि व्हाइसरॉय इथल्या कोणत्याही मतदाराला बांधलेला नव्हता.

तरी त्यांचे मत सरळ रेषेत गेले नाही, हे लपवू नये. मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लिहिलेल्या निवेदनात त्यांनी विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत हटवता येणार नाही असे कार्यकारी मंडळ मागितले होते. पंतप्रधान सगळ्या सभागृहाने निवडावा आणि अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या आमदार-खासदारांनी, अशी ती योजना. इथले बहुमत जन्माने ठरते, मतांनी नव्हे, आणि इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी आणली तर सवर्णांचेच राज्य येईल, ही त्यामागची भीती. ती खोटी होती असे आज कोण म्हणेल? पण संविधान सभेच्या समित्यांनी संसदीय पद्धत स्वीकारली होती, आणि मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ती पूर्ण ताकदीने मांडली.

४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी दोन तराजू दाखवले, स्थैर्य आणि जबाबदारी. अमेरिकेची पद्धत स्थैर्य देते, तिथे हिशेब ठरावीक मुदतीनंतर होतो. संसदेत तो रोज होतो, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाने. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे, तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही, राष्ट्राचा निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतो ती मुद्रा म्हणजे तो, असे त्यांनी समजावले. शिक्का हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. त्यांनी तो विचारपूर्वक योजला होता. प्रा. के. टी. शहा यांनी अध्यक्षीय पद्धतीकडे नेणाऱ्या दुरुस्त्या आणल्या, त्या फेटाळल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला आणि भिक्खू संघातली ठराव, गणसंख्या, मतदान यांची जुनी रीत सभेला आठवण करून दिली.

एकाच हाती सत्ता दिल्याचे फळ पाहायचे तर श्रीलंकेकडे पाहावे. बौद्ध देश, १९७८ पासून कार्यकारी अध्यक्ष, आणि २०२२ मध्ये लोकांना अध्यक्षांच्या निवासात घुसावे लागले. आपल्या रचनेतही छिद्रे निघाली. २५ जून १९७५ च्या रात्री मंत्रिमंडळाच्या बैठकीआधीच आणीबाणीवर सही झाली. म्हणून ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. त्याच दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही दिला. तो के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात वापरला आणि सरकारने माघार घेतली.

रचनेची पहिली परीक्षा मात्र बाबासाहेबांच्याच डोळ्यांदेखत झाली. मूळ कलम ७४ मध्ये मंत्रिमंडळ सल्ला देईल एवढेच होते, तो राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचे शब्द नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी नेहरूंना कळवले की हिंदू कोड बिलावर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि मसुदा समितीचे सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांचे उत्तर एकच, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. बिल तेव्हा बुडाले ते सरकारने कच खाल्ली म्हणून, आणि बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला.

पण निवडणूक झाली, नवी संसद आली आणि त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. १७ जून १९५६ ला मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा देणारा वारसा कायदा आला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. दोन्ही कायद्यांवर सही राजेंद्र प्रसाद यांची आहे.